लोडर-पाते, ट्रॅक्टरचे

लोडर-पाते, ट्रॅक्टरचे : ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस बसविलेल्या लोडरच्या भुजांना बादलीऐवजी जोडलेले आणि रस्त्यावरील हिम, चिखल, मुरूम किंवा दगडमाती बाजूस सारण्यासाठी वापरण्यात येणारे रुंद, वक्र पोलादी पाते. शीत प्रदेशांत त्याचा मुख्य उपयोग हिम दूर करण्याकडे होत असल्याने तेथे त्याला हिमनांगर असेही म्हणतात. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. तथापि सह्याद्रीच्या घाटांत पावसाळ्यात दरडी कोसळून रस्त्यावर येणारी माती दूर करणे, भातखाचरांचे सपाटीकरण करणे, कच्च्या रस्त्यावर मुरूम पसरणे अशा कामी याच तत्त्वावरील पाती उपयोगी पडतात. पाते उचलणे, जमिनीवर टेकविणे व डावी-उजवीकडे वळविणे या क्रिया दाबाखालील तेलाच्या साहाय्याने, म्हणजे द्रवीय अथवा नेहमीच्या व्यवहारात ‘हायड्रॉलिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेने, करण्यात येतात. पात्याला जोर पुरविणे हे या योजनेचे निम्मेच काम होय. अडथळा येताच पात्याने योग्य वेळी व योग्य तेवढी माघार घ्यावी अशी तजवीज करणे हे तिचे दुसरे आणि अधिक अवघड काम असून चालकाची व यंत्राची सुरक्षितता मुख्यतः त्यावर अवलंबून असते.

इतिहास : हिम दूर करणाऱ्या पात्याला नांगर हे नाव मिळाले असले, तरी ते जमीन नांगरीत नाही. नावाचे मूळ त्याच्या आकारात आहे. लोखंडी नांगराच्या फाळामागे असलेला वक्र पत्रा मातीची पट्टी उचलून एका बाजूस उलटवितो. हिमनांगराचे पातेही समोरील थर वर चढवून, वळवून बाजूस टाकते. महाराष्ट्रात हे वक्र पत्र्याचे तत्त्व शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले ते लोखंडी नांगरामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. पुढे १९१० मध्ये त्यांचा कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळ हलविण्यात आला. तेच सध्याच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय (→ नांगर).

यूरोप व उत्तर अमेरिकेतील शहरांत एकोणिसाव्या शतकात हिम दूर करण्यासाठी घोड्यांनी ओढावयाचे लाकडी नांगर वापरात होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मोटार ट्रकच्या पुढे पाते बसविण्यात येऊ लागले. सुरुवातीस ते हाताने फिरवावयाच्या रहाटाने व साखळीने उचलावे लागे. हे कष्ट द्रवीय योजनेने दूर केले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांचा नियम या योजनेच्या मुळाशी आहे. त्याचा व्यवहारात मोठा उपयोग जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये एकस्व मिळविलेल्या दाबयंत्रात केला. ट्रॅक्टरच्या बाबतीत हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी व तिची द्रवीय उचल महत्त्वाची ठरली. तिचे ब्रिटिश एकस्व १९२६ मधील असून १९३९ मध्ये निघालेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे तिचा सर्वत्र प्रसार झाला. ट्रॅक्टरमध्ये तेलाचा पंप असतोच, असे एकदा झाल्यावर त्याच्या तेलावर पुढील लोडर चालविणे ही पुढची पायरी होती. भारतात महिंद्र उद्योगसमूहाच्या सहभागाने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी १९६३ मध्ये स्थापन झाली व त्यानंतरच्या काळात द्रवीय उचल असलेले ट्रॅक्टर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या हाती अधिकाधिक येऊ लागले (→ ट्रॅक्टर).

पात्याची रचना : पाते पोलादी पत्र्याचे असून त्याचा उभा छेद कमानीसारखा असतो. पाठीमागे त्यास उभ्या फासळ्यांचा आधार देतात. खालच्या कडेला झीज सोसणारी कठीण पोलादाची पट्टी बोल्टांनी बसविलेली असते. ती झिजल्यावर बदलता येते. रस्त्याचा पृष्ठभाग खरवडला जाऊ नये म्हणून पात्याच्या मागे दोन्ही बाजूंस पादुका बसवितात. त्यांची उंची कमीजास्त करून पट्टी जमिनीपासून किती वर राहील हे ठरविता येते. डांबरी रस्त्यावर पट्टी जवळजवळ टेकलेली चालते, तर मुरमाच्या रस्त्यावर ती दोन-तीन सेंमी. वर ठेवावी लागते. अन्यथा हिमाबरोबर मुरूमही निघून येतो.

पाते मध्यभागी एका खुंटीवर चौकटीला जोडलेले असते व त्या खुंटीभोवती ते दोन्ही बाजूंस सु. ३०° पर्यंत वळू शकते. सरळ ठेवलेले पाते समोरचा ढीग पुढे ढकलते. तिरपे ठेवलेले पाते तो सतत एका बाजूस वाहून टाकते. लांब रस्ता साफ करताना तिरप्या पात्याचाच उपयोग होतो, कारण सरळ पात्यापुढील ढीग थोड्याच अंतरात ट्रॅक्टरच्या शक्तीबाहेर जातो.

समोर साठणाऱ्या पदार्थाची घनता लक्षात घेऊन पात्याची उंची व जाडी ठरवितात. २ मी. रुंद व ६० सेंमी. उंच पात्यापुढे त्रिकोणी ढीग साठला, तर त्याचे घनफळ सु. ०·३६ घ.मी. होते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाची घनता दर घ.मी.ला सु. १०० किग्रॅ. धरल्यास या ढिगाचे वजन अवघे ३६ किग्रॅ. भरते. दबलेल्या, ओल्या हिमाच्या बाबतीत ते १५० किग्रॅ.च्या पुढे जाते. तोच ढीग ओल्या माती-मुरमाचा असल्यास वजन ७०० किग्रॅ.च्या आसपास पोहोचते. यावरून हिमासाठी बनविलेले उंच व हलके पाते दरडीच्या मातीत का टिकत नाही, हे स्पष्ट होते. मातीसाठीचे पाते बुटके, जाड पत्र्याचे व पाठीमागे अधिक फासळ्या असलेले हवे.

द्रवीय योजना : ट्रॅक्टरच्या एंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढून नळीवाटे नियंत्रक झडपेकडे पाठवितो. चालकाने तरफ हलविली की झडप ते तेल योग्य त्या सिलिंडरात सोडते. सिलिंडरातील दट्ट्या सरकतो आणि त्याच्या दांड्याला जोडलेला भाग हलतो. दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल झडपेतूनच गाळणीमार्गे टाकीत परत येते. लोडरला असे दोन मार्ग मुळातच असतात : एक भुजा उचलणाऱ्या सिलिंडरांच्या जोडीचा व दुसरा बादली कलती करणाऱ्या जोडीचा. बादली काढून पाते बसविल्यावर ते उचलणे व मागेपुढे कलविणे या क्रिया या दोन मार्गांनी होतात. डावी-उजवीकडे वळविण्यासाठी मात्र तिसरा मार्ग लागतो आणि पाते बसविताना उद्‌भवणारे बहुतेक प्रश्न या तिसऱ्या मार्गाविषयीचे असतात.

पाते वळविण्यासाठी खुंटीच्या दोन्ही बाजूंस एकेक सिलिंडर बसवितात. सिलिंडराचा आतील व्यास ५ सेंमी. असल्यास दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. १९·६ चौ. सेंमी. येते. तेलाचा दाब दर चौ. सेंमी.ला १५० किग्रॅ. असल्यास दट्ट्यावर सु. २,९०० किग्रॅ. भाराइतका जोर मिळतो. दट्ट्याची धाव २५ सेंमी. असेल, तर एका खेपेस साधारण अर्धा लिटर तेल लागते. पंपाकडून मिनिटाला २० लि. तेल मिळत असल्यास ही खेप दीड सेकंदात पूर्ण होते. पंप याहून मोठा असल्यास पाते झटक्याने वळते व खुंटीवर ताण येतो. अशा वेळी नळीच्या मार्गात अरुंद छिद्राची चकती बसवून प्रवाह कमी करतात. थोडक्यात, जोर दाबावर आणि वेग प्रवाहावर अवलंबून असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

तिसऱ्या मार्गाचे प्रकार : तिसरा मार्ग चार प्रकारे उपलब्ध करता येतो. (१) लोडरच्या नियंत्रक झडपेत तिसरा खंड असल्यास त्याला वळविण्याचे सिलिंडर जोडतात. ही पद्धत सर्वांत समाधानकारक होय, कारण तिन्ही क्रिया स्वतंत्रपणे करता येतात. (२) बादली कलती करण्याच्या मार्गावर विजेवर चालणारी वळण-झडप बसवितात. तरफेवरील बटण दाबून धरले की तेच तेल पाते वळविणाऱ्या सिलिंडरांकडे जाते. बटण सोडताच मार्ग पूर्ववत होतो. यात कलविणे व वळविणे या क्रिया एकाच वेळी करता येत नाहीत, परंतु पात्याच्या कामात ही उणीव फारशी जाणवत नाही. खर्च कमी असल्याने ही पद्धत लोकप्रिय आहे. (३) ट्रॉली उलटविण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या तेलाच्या जोडांपासून नळ्या पुढे आणतात. नव्या झडपेची गरज नसते. मात्र लांब नळ्या एंजिनाच्या धुराड्यापासून व हलत्या भागांपासून दूर, पक्क्या बांधून आणाव्या लागतात. (४) बॅटरीवर चालणारा स्वतंत्र मोटर-पंप संच पुढे बसवितात. ट्रॅक्टरच्या मूळ तेलमार्गाला हात लावावा लागत नाही, हा त्याचा फायदा होय. तथापि काम चालू असता त्याला शंभराहून अधिक अँपिअर विद्युत् प्रवाह लागतो व लहान बॅटरी लवकर उतरते.

नवी झडप जोडताना मूळ योजनेचा प्रकार ओळखणे अत्यावश्यक असते. बऱ्याच ट्रॅक्टरांत खुल्या मध्याची योजना असते. तीत पंप सतत तेल पाठवीत असतो आणि तरफा मध्यस्थितीत असताना ते तेल झडपेतून सरळ टाकीत परत जाते. बंद मध्याच्या योजनेत तरफा मध्यस्थितीत असताना मार्ग बंद राहतो व पंप आपला प्रवाह आपोआप कमी करतो. एका प्रकारची झडप दुसऱ्या प्रकारच्या योजनेत विचार न करता बसविल्यास तेल तापते किंवा पंपावर अखंड दाब राहून तो निकामी होतो. खुल्या मध्याच्या योजनेत एका झडपेपुढे दुसरी झडप जोडावयाची असल्यास पहिल्या झडपेला दाबाचे तेल पुढे नेणारे स्वतंत्र तोंड असावे लागते. टाकीकडे जाणाऱ्या परतीच्या तोंडातून पुढील झडपेला तेल देणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. परतीचा कप्पा अल्प दाबासाठीच बनविलेला असतो. पुढील झडप कामास लागताच त्या कप्प्यावर संपूर्ण दाब येऊन झडपेचे कवच तडकू शकते.

तरंगती अवस्था : तरफ मध्यस्थितीत असताना सिलिंडराच्या दोन्ही बाजूंचे तेल कोंडले जाते व भुजा ताठ राहतात. अशा ताठ पात्याने उंचसखल रस्त्यावर काम केल्यास ते उंचवट्यात घुसते व खळग्यावरून अधांतरी जाते. पाते खाली दाबून धरल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन वळण घेण्याची क्षमताच नाहीशी होते. यासाठी उचलीच्या झडपेत तरंगती अवस्था ठेवलेली असते. या अवस्थेत सिलिंडराच्या दोन्ही बाजू एकमेकींना व टाकीला जोडल्या जातात, तेल दोन्हीकडे मोकळे फिरते आणि पाते केवळ स्वतःच्या व भुजांच्या वजनाने जमिनीलगत राहून चढउतार अनुसरते. तरफ या अवस्थेत अडकून राहील अशी खाच असते. उंच उचललेले पाते खाली आणण्यासाठी मात्र ही अवस्था वापरू नये, कारण ते अडविण्यास तेलाचा दाब नसल्याने ते एकदम कोसळते.

माघारीची तजवीज : हिमाखाली किंवा चिखलाखाली दडलेला दगड, रस्त्याच्या कडेची शिला वा मोरीचा कठडा यांवर पाते आदळणे अटळ असते. २,५०० किग्रॅ. वजनाचा ट्रॅक्टर सेकंदाला २ मी., म्हणजे ताशी सु. ७ किमी. वेगाने जात असता अडथळ्याला धडकून ५ सेंमी. अंतरात थांबला, तर पात्यावर सरासरी सु. १०,००० किग्रॅ. भाराइतका आघात होतो. तेच पाते मागे झुकून थांबण्यास २५ सेंमी. अंतर मिळाले, तर आघात सु. २,००० किग्रॅ.वर येतो. वेग दुप्पट झाल्यास हे आकडे चौपट होतात. लोडरच्या लांब भुजा वजन उचलण्यासाठी बनविलेल्या असतात, समोरून बसणारे धक्के सोसण्यासाठी नव्हे. पात्याचे एकच टोक आदळल्यास सर्व आघात एका भुजेवर येऊन ती पिळवटते.

यावर दोन उपाय योजतात. पहिला यांत्रिक असून त्यात पाते किंवा त्याची खालची पट्टी बळकट स्प्रिंगांनी उभी धरलेली असते. अडथळा लागताच ती मागे झुकून त्यावरून जाते व पुन्हा उभी राहते. दुसरा उपाय द्रवीय असून तो वळविण्याच्या मार्गावरील आडव्या सुटका-झडपेचा होय. पात्याचे उजवे टोक आदळले की उजवा सिलिंडर आत दाबला जातो व त्यातील कोंडलेल्या तेलाचा दाब एकदम चढतो. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की सुटका-झडप उघडते व ते तेल डाव्या सिलिंडराच्या नळीत शिरते. पाते वळत असताना डावा सिलिंडर बाहेर येतच असतो, त्यामुळे उजवीकडून निघालेले तेल डावीकडे सामावते. पाते अशा रीतीने अडथळ्यापुढे वळून निसटते आणि कोठेही मोडतोड होत नाही. या झडपेची मर्यादा पंपाच्या मुख्य सुटका-झडपेपेक्षा किंचित अधिक ठेवतात; ती कमी ठेवल्यास पाते वळवितानाच तेल तिच्यातून निसटते. उलटपक्षी, पाते ‘ढिले’ वाटते म्हणून ही झडप घट्ट आवळून ठेवल्यास ती असून नसल्यासारखी होते व पुढील आघात थेट भुजांवर बसतो.

जोडणी व तोल : पाते लोडरच्या भुजांना खुंट्यांनी किंवा झटपट अडकविता येणाऱ्या चौकटीने जोडतात. भुजा वरखाली होताना पात्याचा कलही बदलतो. म्हणून पाते जमिनीवर टेकविल्यावर कल नव्याने जुळवावा लागतो. पाते फार पुढे झुकले तर जमिनीत रुतते, फार मागे कलले तर ढिगावर चढते. सतत जड काम करावयाचे असल्यास भुजांऐवजी ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागील आसापर्यंत नेलेल्या बळकट चौकटीला पाते जोडणे अधिक योग्य ठरते, कारण धक्का तेथे मजबूत भागांत पोहोचतो.

पाते उचलले असता ट्रॅक्टरचा तोल बदलतो. पुढील व मागील आसांत २ मी. अंतर असून ३५० किग्रॅ. वजनाचे पाते पुढील आसाच्या २ मी. पुढे असेल, तर मागील चाकांवरील भार ३५० किग्रॅ.नी घटतो व पुढील आसावर ७०० किग्रॅ. अधिक भार येतो. मागील चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची ओढ याने कमी होते आणि उतारावर ब्रेकही पुरेसे लागत नाहीत. म्हणून मागील जोडणीवर काँक्रीटचा ठोकळा किंवा अन्य वजन टांगतात, मागील चाकांत पाणी भरतात व बर्फावर काम करताना चाकांना साखळ्या बांधतात. शीत प्रदेशांत चाकांतील पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात.

भारतातील उपयोग : भारतात हिम दूर करण्याचे काम मुख्यतः हिमालयातील सीमावर्ती रस्त्यांवर चालते. १९६० मध्ये स्थापन झालेली सीमा सडक संघटना ते पाहते. तिच्या जनरल रिझर्व्ह एंजिनिअर फोर्स या दलाचे केंद्र पुण्याजवळील दिघी येथे आहे. झोजी खिंडीसारख्या सु. ३,५०० मी. उंचीच्या ठिकाणी हिमाचे थर कित्येक मीटर जाडीचे असतात. ते फोडण्यास ट्रॅक्टरचे पाते अपुरे पडते. तेथे बुलडोझर आणि हिम कापून दूर फेकणारी फिरत्या पात्यांची यंत्रे वापरतात. ट्रॅक्टरचे लोडर-पाते वस्तीतील रस्ते, आवारे व पातळ थर यांसाठीच उपयुक्त असते.

महाराष्ट्रात हिमाशी दूरचे साम्य असलेली घटना म्हणजे कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात गोठणारे दवबिंदू. त्यांचा थर रस्ता अडविण्याइतका कधीच नसतो. येथील रस्ते अडतात ते पावसाळ्यात. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले मेढा हे वेण्णा नदीच्या खोऱ्यात, साताऱ्याच्या वायव्येस वसले आहे. येथून निघणारा रस्ता केळघर घाटाने महाबळेश्वरच्या पठारावर चढतो. पठाराच्या माथ्यावर जांभा खडक असून त्याखाली बेसाल्टचे एकावर एक थर आहेत. त्यांच्या विघटनाने तयार झालेली माती उतारांवर साचलेली असते. पाणी मुरून ती जड व निसरडी झाली की दगडगोट्यांसह खाली सरकते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे २३ जुलै रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सु. ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्याच सुमारास सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली आणि सह्याद्रीतील अनेक घाटरस्ते बंद पडले. मेढ्यासारख्या ठिकाणी घाट बंद पडणे म्हणजे डोंगरावरील वाड्यांचा दवाखाना, बाजार व शाळा यांच्याशी असलेला संबंध तुटणे होय. त्यामुळे रस्ता किती लवकर मोकळा होतो, याला महत्त्व येते.

मोठी दरड काढण्यासाठी खोदयंत्रे लागतात. लोकभाषेत त्यांतील साखळीपट्ट्यांवरील यंत्राला पोकलेन व चाकांवरील यंत्राला जेसीबी म्हणतात; ही दोन्ही नावे मूळची कारखान्यांची आहेत. मोठे धोंडे पात्याने ढकलू नयेत. ते बादलीने उचलावे किंवा फोडावे. पात्याचे खरे काम त्यानंतर सुरू होते. रस्त्यावर उरलेला हातभर चिखल व बारीक दगड दूर करणे, तसेच दर सरीबरोबर वाहून येणारा गाळ वरचेवर सारणे ही कामे ट्रॅक्टरचे पाते कमी खर्चात करू शकते. डोंगराकडील चर गाळाने बुजला तर पाणी रस्त्यावरून वाहू लागते व दरीकडील कडा खचते. म्हणून पाते डोंगराकडे तिरपे ठेवून गाळ चरात ढकलणे चुकीचे ठरते. दरीकडे मिळेल तेथे माती लोटणेही तितकेच घातक असते. ती खालच्या भातखाचरांत व ओढ्यांत जाऊन बसते. माती ठराविक मोकळ्या जागी साठवून तेथून वाहनांनी हलविणे हाच योग्य मार्ग होय. ताज्या दरडीचा पायथा पात्याने पोखरल्यास वरील मातीचा आधार जातो व ती पुन्हा कोसळते. यासाठी पाऊस थांबून उतार स्थिर झाल्याची खात्री केल्याखेरीज काम सुरू करू नये आणि काम चालू असता उताराकडे लक्ष ठेवणारा स्वतंत्र माणूस नेमावा.

देखभाल व सुरक्षितता : द्रवीय योजनेतील बहुतेक बिघाड तेलातील धूळ व पाणी यांमुळे होतात. नळ्यांचे झटपट जोड सोडल्यावर त्यांच्या तोंडांवर टोपणे लावावीत व जोडण्यापूर्वी ती पुसून घ्यावीत. गाळणी ठराविक तासांनी बदलावी. तेल दुधी दिसू लागल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. कडक थंडीत तेल घट्ट होत असल्याने पंप काही मिनिटे भाराविना चालवून मगच काम सुरू करतात. नळ्या पात्याच्या संपूर्ण वळणाला पुरतील इतक्या लांब, परंतु जमिनीला वा चाकाला घासणार नाहीत अशा बेताने बांधाव्यात. बाहेरचे रबर फाटून आतील तारांची जाळी दिसू लागलेली नळी त्वरित बदलावी.

जोड सोडण्यापूर्वी पाते जमिनीवर टेकवून एंजिन बंद करावे व तरफा दोन्ही दिशांना हलवून नळ्यांतील उरलेला दाब काढून टाकावा. उचललेल्या पात्याखाली केवळ तेलाच्या भरवशावर कधीही जाऊ नये. भुजांखाली पोलादी टेकू द्यावा. नळीतील बारीक गळती हाताने चाचपून शोधणे विशेष धोक्याचे असते. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, परंतु ती कातडी भेदून शरीरात शिरते. जखम लहान दिसली व आरंभी वेदना कमी असल्या, तरी आतील ऊतके मृत होऊन बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी आणि तेल शरीरात शिरल्याचा नुसता संशय आला, तरी वेळ न घालविता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व तेल दाबाखाली शिरले आहे, हे तेथे स्पष्टपणे सांगावे.